रांगोळीची चौकट आणि कबड्डीचं मैदान

मागच्या हिवाळ्यात आमच्या एका कार्यकर्तीने वस्तीतल्या क्रीडा महोत्सवाचं पत्रक बैठकीत आणून ठेवलं. पुरुषांसाठी कबड्डी, कुस्ती, धावणं, रस्सीखेच. खाली वेगळी चौकट, 'महिलांसाठी': रांगोळी, मेंदी, सॅलड सजावट, संगीत खुर्ची. त्या वस्तीतल्या सात मुली रोज संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणात कबड्डी खेळतात. त्यांची नावं घेऊन ती आयोजकांकडे गेली. उत्तर मिळालं, "ताई, तुमच्यासाठी रांगोळी ठेवली आहे ना! मुली पडल्या-झडल्या तर जबाबदारी कोणाची?" बक्षिसंही त्याच पत्रकावर छापलेली होती. कबड्डीच्या विजेत्यांना रोख रक्कम, रांगोळीला स्टीलचा डबा.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, "वस्तीतली माणसं, त्यांना काय कळतं? मोठ्या स्पर्धांत असं नसतं." म्हणून हे संपादकीय. कारण जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतही कलेची स्पर्धा होती, आणि तिथेही बाईची जागा कुठली हे पुरुषांनीच ठरवलं होतं.

1912 ते 1948 या काळात ऑलिंपिकमध्ये धावणं-पोहण्यासारखीच कलेचीही पदकं दिली जात. वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्रकला आणि शिल्पकला असे पाच विभाग होते. अट एकच, कलाकृतीचा विषय खेळ हवा. ही कल्पना आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कुबर्तां यांची. शरीर आणि मन यांची फारकत होऊ नये म्हणून त्यांनी 1906 साली पॅरिसमध्ये परिषद भरवली आणि 1912 साली स्टॉकहोमला या स्पर्धा सुरू झाल्या. साहित्याचं पहिलं सुवर्णपदक खेळाची स्तुती गाणाऱ्या एका रचनेला मिळालं. ती खुद्द कुबर्तां यांनीच टोपणनावाने पाठवली होती!

शरीर आणि मन एकत्र नांदावं, हा विचार आपल्यालाही पटेल. पण शरीर कोणाचं? त्याच 1912 साली कुबर्तां लिहीत होते की ऑलिंपिक हा पुरुषांच्या सामर्थ्याचा सोहळा आहे आणि स्त्रियांच्या टाळ्या हे त्याचं बक्षीस. मैदानात पुरुष, कडेला टाळ्या वाजवणारी बाई. आमच्या वस्तीतल्या पत्रकात तिला निदान रांगोळीचे रंग तरी मिळाले.

1928 सालच्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिककडे पाहू. भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं ते हेच ऑलिंपिक. धावण्या-उड्या मारण्याच्या मैदानी स्पर्धांत स्त्रियांना तिथे पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तोही मोजक्या पाच प्रकारांत. 800 मीटरची शर्यत संपल्यावर धावपटू दमून बसल्या, तर वर्तमानपत्रांनी त्या कोसळल्याच्या बातम्या रंगवल्या. ही शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली ती थेट 1960 पर्यंत. पुरुष दमला की त्याने जीव ओतला म्हणायचं आणि बाई दमली की तिला झेपत नाही म्हणायचं, हे आपल्याला नवीन नाही.

त्याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये चित्रकला आणि शिल्पकलेच्या स्पर्धांत दोन स्त्रियांना पदकं मिळाली. ब्रिटनच्या लॉरा नाइट यांना चित्रकलेत रौप्य, विषय मुष्टियोद्धे. जर्मनीच्या रेने झिंटेनिस यांना शिल्पकलेत कांस्य, विषय फुटबॉलपटू. आता पुढच्या तारखा पाहा. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा फुटबॉल सुरू झाला 1996 साली, मुष्टियुद्ध 2012 साली. त्याच वर्षी आपल्या मेरी कोमने कांस्यपदक आणलं. म्हणजे बाईला खेळाचं चित्र काढून पदक मिळवता येत होतं, पण ज्या खेळाचं चित्र काढलं तो खेळून पदक मिळवायला आणखी 84 वर्षं लागली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तर 1921 साली आपल्या सभासद क्लबांची मैदानं स्त्रियांना बंद केली होती, ती बंदी पन्नास वर्षं टिकली.

आणि कलेचं दार तरी उघडं होतं का? लॉरा नाइट कलाशाळेत शिकत असताना मुलींना नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढायची परवानगी नव्हती, त्यांना प्लास्टरचे पुतळे दिले जात. शरीराचा अभ्यास नाकारायचा आणि मग बायकांना फुलंपानंच जमतात असं म्हणायचं! लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या 1768 सालच्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे लॉरा नाइट, आणि ते साल 1936. झिंटेनिस यांची आजी ज्यू होती, म्हणून नाझी राजवटीने 1934 मध्ये त्यांना बर्लिनच्या कला अकादमीतून बाहेर काढलं. साहित्यात फिनलंडच्या आले तिन्नी यांना 1948 साली लंडनला सुवर्ण मिळालं, पण तोवर या स्पर्धांचा शेवट जवळ आला होता.

1948 नंतर कलेची पदकं बंद झाली. कारण असं दिलं गेलं की ऑलिंपिक हौशी लोकांसाठी आहे आणि कलावंत तर कलेवर पोट भरतात. 'हौशी' या शब्दावर जरा थांबायला हवं. ज्याला कमवायची गरज नाही तोच खरा खेळाडू, असा त्या नियमामागचा वर्गीय अहंकार होता. आपल्याकडे बाईच्या बाबतीत तोच शब्द उलटा वापरला जातो. तिचं भरतकाम, तिची गोधडी, तिची रांगोळी ही सगळी 'बायकांची हौस', मग मोबदला कशाला द्यायचा? डबा दिला की झालं. वारली चित्रांचंही पाहा. लग्नाचा चौक भिंतीवर काढणं हे परंपरेने सुवासिनींचं काम. ती कला कागदावर आली, बाजारात आणि जगभर गेली, तेव्हा पद्मश्रीपर्यंत पोचलेलं नाव जिव्या सोमा मशे यांचं होतं. त्यांच्या कलेबद्दल आदरच आहे. पण भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांची नावं कुठे गेली?

आपल्या मुलखाचाही या इतिहासाशी संबंध आहे. 1920 साली अँटवर्पला गेलेल्या भारतीय पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, कुस्तीगीर नवले आणि शिंदे होते. 1936 साली बर्लिनला, कलास्पर्धाही चालू होत्या त्याच वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. विदर्भाला याचा अभिमान आहे आणि तो असावा. भारताच्या चार मुली ऑलिंपिकला गेल्या त्या मात्र 1952 साली हेलसिंकीला. त्यात मुंबईची मेरी डिसोझा होती. बर्लिनपर्यंत पोचलेली कबड्डी आमच्या वस्तीतल्या सात मुलींपर्यंत मात्र आयोजकांना पोचू द्यायची नाही.

'पडल्या-झडल्या तर' ही काळजी कोणत्या बाईसाठी असते, हेही विचारायला हवं. निंदणाला दिवसभर वाकणारी, कापूस वेचून गाठोडं डोक्यावर घेऊन कोसभर चालणारी, बांधकामावर विटा वाहणारी दलित, आदिवासी, बहुजन बाई पडेल अशी काळजी कोणी करत नाही. शरीर राबवायचं असेल तेव्हा ते दणकट असतं, खेळायची वेळ आली की नाजूक होतं.

आमचं म्हणणं रांगोळीच्या विरोधात नाही. रांगोळीला कमी लेखणं म्हणजे पुरुषी मोजपट्टीच हातात घेणं. झिम्मा, फुगडी, पिंगा आठवा, आपल्या भुलाबाईच्या रात्री आठवा. दम, तोल, ताल आणि तिथल्या तिथे रचलेलं गाणं, सगळं एका वेळी. कुबर्तां यांना हवा असलेला कला आणि क्रीडेचा मेळ आपल्या आज्या-पणज्यांनी अंगणात घातला होता. पण त्याला ना खेळ म्हटलं गेलं, ना कला. आमचा आक्षेप आहे तो चौकटीला, जी दुसरंच कुणीतरी आखतं आणि जिच्याबाहेर पाय टाकायचा नाही.

आणि मैत्रिणींनो, बोट स्वतःकडेही वळवूया. आठ मार्चला आपण काय ठेवतो? घोषवाक्य स्पर्धा, भित्तिपत्रकं, आणि हो, 'स्त्री-पुरुष समानता' या विषयावर रांगोळी! मुलींची धावण्याची शर्यत किती गटांनी ठेवली? मैदान मिळत नाही, कपडे बदलायला जागा नाही, घरून सोडत नाहीत, या अडचणी खऱ्या आहेत. पण मग त्या सोडवणं हेच चळवळीचं काम नाही का?

2024 साली पॅरिसला ऑलिंपिकने पहिल्यांदा स्त्रिया आणि पुरुषांना समान जागा दिल्या. 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आनंद मोठा आहे. पण वरच्या टोकाला दार उघडलं म्हणून वस्तीतलं दार आपोआप उघडत नाही.

म्हणून येत्या वर्षासाठी काही गोष्टी सुचवतो. आपल्या भागातल्या प्रत्येक क्रीडा महोत्सवाचं पत्रक मिळवा आणि स्त्रियांसाठी काय आहे, बक्षीस किती आहे, याची नोंद करा. मुलींच्या सांघिक खेळांची लेखी मागणी करा. रांगोळी, गोधडी, भरतकाम यांना समान रोख बक्षीस मागा आणि कलावंत बाईचं नाव जाहीर करायला लावा. ती कला पुरुषांनाही खुली ठेवा. संध्याकाळी मैदानावर दिवे आणि जवळ स्वच्छतागृह असावं, हा प्रश्न नगरसेवकांकडे न्या. आणि आठ मार्चला स्वतः मैदानात उतरा, पन्नाशीच्या आम्हीसुद्धा उतरणार आहोत.

त्या सात मुलींनी यंदाही अर्ज भरला आहे. या वेळी त्यांच्याबरोबर वस्तीतल्या तीस बायकांच्या सह्या आहेत. पुढे काय होतं ते पुढच्या अंकात कळवू. तुमच्या गावात, वस्तीत काय चित्र आहे ते आम्हाला जरूर लिहा.

– संपादक मंडळ