द्राक्षे कुणाची, साक्ष कुणाची?

महागड्या वाइनच्या फसवणुकीवरचा अनुबोधपट पाहून खुलताबादच्या माणसाला काय वाटावे? ज्या बाटलीच्या किमतीत आपल्याकडे शेत येईल ती खोटी निघाली म्हणून कोणी अब्जाधीश हळहळला, तर त्याचे सुतक आपल्याला नाही. रूबेन ॲटलस आणि जेरी रॉथवेल यांचा २०१६ चा ‘सावर ग्रेप्स’ मी पाहिला तो असाच, गंमत म्हणून.

हकिगत अशी. रूडी कुर्नियावान हा जकार्ताचा, चिनी वंशाचा तरुण अमेरिकेत येतो, लिलावांतून दुर्मिळ वाइन सढळ हाताने विकत घेतो आणि मग स्वतःच विकू लागतो. २००६ मध्ये दोन लिलावांत त्याच्या बाटल्या सुमारे ३.५ कोटी डॉलरना गेल्या. २००८ मध्ये बरगंडीच्या लोराँ पाँसो यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यांचे घराणे ‘क्लो सँ दनी’ ही वाइन काढू लागले १९८२ मध्ये, आणि लिलावात तर १९४५ पासूनच्या बाटल्या! ते तडक न्यूयॉर्कला गेले आणि त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. २०१२ मध्ये रूडीला अटक झाली तेव्हा त्याच्या घरात बुचे आणि लेबलांचे ढीग सापडले. २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये इंडोनेशियात परत धाडण्यात आले.

आता प्रश्न असा की, इतक्या जाणत्या रसिकांपैकी फारसे कोणी ‘बाबा रे, हा पैसा कोठला?’ असे त्याला का विचारले नाही? मला वाटते, उत्तर त्यांच्या डोक्यात आधीच तयार होते. आशियातला मुलगा, बाप गडगंज, घरचा बियरचा व्यापार असल्याची वदंता. अशी माणसे पैसा उधळणारच! बाटल्यांवरची लेबले रूडीने चिकटवली. रूडीवरचे लेबल मात्र या मंडळींनी हौसेने चिकटवले. चित्रपटाने या जागी अधिक थांबायला हवे होते. तेथे बोलतात ते बहुतेक संग्राहक, तज्ज्ञ आणि तपास करणारे. त्यांत गोरे पुरुषच जास्त. रूडी जुन्या चित्रफितींत हसताना दिसतो, पण या चित्रपटाला त्याची मुलाखत नाही. त्याची बाजू मांडतात वकील आणि काही मित्र. मळ्याच्या वतीने बोलतो तो मळ्याचा मालक.

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, “गुन्ह्याची गोष्ट आहे, तेथे डोकी कशाला मोजता?” त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. प्रत्येक जातीचा, वर्णाचा एकेक प्रतिनिधी ओळीने उभा केला म्हणून चित्रपट चांगला होत नाही. पण उद्या नाशिकच्या द्राक्षांवर चित्रपट निघाला आणि त्यात पेठ-सुरगाण्याहून विरळणीला येणाऱ्या आदिवासी बायकांना तोंडच नसले, तर त्याला नाशिकची गोष्ट म्हणावे काय? तो फार तर वाइनच्या कारखान्याची जाहिरात ठरेल. (द्राक्षे आपल्यालाही परकी नाहीत, बरे का. चौदाव्या शतकात इब्न बतूताने शेजारच्या दौलताबादची द्राक्षे वाखाणली आहेत.)

हे सारे मला इतके लागण्याचे कारण घरचेच आहे. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि आमच्या गावात कॅमेऱ्यांची रीघ लागली. त्यापूर्वी गावाला विचारतो कोण? याच गावात मलिक अंबर विसावला आहे. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला, १६१० मध्ये खडकी वसवणारा, म्हणजे आजच्या आपल्या जिल्ह्याच्या शहराचा पाया घालणारा हा माणूस. त्याच्या मकबऱ्याकडे वळलेला एकही कॅमेरा मी तरी पाहिला नाही. सगळे येत ते एका कबरीसाठी. दर्ग्यापुढचे फुलवाले आणि भद्रा मारुतीच्या वाटेवरचे नारळवाले त्यांना लागत ते मागचा देखावा म्हणून. बोलायची पाळी आलीच तर पहिला प्रश्न ठरलेला: “नाव काय?” आणि नाव ऐकल्यावर दुसरा प्रश्न कोणता येणार, हे चार दिवसांत आम्हा पोरांना पाठ झाले होते.