सिंगापूरची जमीन आणि आपली नवी मुंबई



सिंगापुरात राहणारा मराठी माणूस सुट्टीवर घरी गेला की कोणीतरी विचारतंच, "आपल्याकडे असं का होत नाही हो?" आणि आपली उत्तरंही ठरलेली असतात. शिस्त, दंड, भ्रष्टाचार नाही, "आपल्याकडे एक ली कुआन यू पाहिजे", वगैरे. माझ्या मते या उत्तरांत मूळ मुद्दाच राहून जातो. तो मुद्दा आहे जमिनीचा.

सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाची, म्हणजे एचडीबीची, स्थापना १९६० ची. १९६६ साली भूसंपादन कायदा झाला. १९७३ नंतर तर मोबदल्याचा दरच त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरच्या किमतीवर गोठवला गेला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. सरकारने रस्ता नेला, पाणी नेलं म्हणून जमिनीचा भाव वाढला, तर ती वाढ एकट्या मालकाच्या खिशात का जावी? बाजारभावाने मोबदला देणं सुरू झालं ते थेट २००७ साली. आज बेटावरची बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे आणि दर चार रहिवासी कुटुंबांपैकी तीन कुटुंबं एचडीबीच्या घरांत राहतात. ही घरं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात, आणि विकण्याआधी किमान पाच वर्षं स्वतः तिथे राहावं लागतं.

आता कोणी म्हणेल, सिंगापूर हे एका शहराचं राज्य, त्याची महाराष्ट्राशी तुलना कशी करणार? मान्य. म्हणून मी तुलना करतो ती नवी मुंबईशी. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना साठच्या दशकात मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेऊन ३४४ चौरस किलोमीटरचं शहर वसवायचं होतं. आजच्या सिंगापूरचं क्षेत्रफळ याच्या साधारण दुप्पट आहे. जमीन एकाच संस्थेच्या ताब्यात, तीही कागदोपत्री भाडेपट्ट्यानेच दिली जाणारी. विकासाचा खर्च जमिनीच्या वाढत्या किमतीतून भागवायचा, हे सूत्रही सिंगापूरच्या जवळचंच.

त्यातून चांगलं काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९२ साली मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली, तिच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने उचलला. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज पाहायला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अजून जातात. पण भूखंड निविदा काढून जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला द्यायचे, हाच हळूहळू मुख्य व्यवहार झाला. महागात घेतलेल्या भूखंडावर बिल्डर स्वस्त घर बांधणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. सिंगापूरने जमिनीची वाढलेली किंमत मुख्यतः घरांच्या रूपाने लोकांना परत दिली. आपण ती बाजारात विकली.

आणि ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली त्या आगरी-कोळी गावांचं काय? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटलं. पोलीस गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली ती त्या लढ्यातून. पण गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही. कुटुंबं वाढली, लोकांनी गरजेपोटी घरं बांधली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी माणसं "अनधिकृत" ठरली. नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२२ साली केला, ते योग्यच झालं. पण नाव दिलं म्हणजे हिशोब मिटला असं होत नाही.

सिंगापूरचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. इथल्या काम्पोंगमधल्या, म्हणजे खेड्या-वस्त्यांमधल्या, लोकांना नाही म्हणायची फारशी सोयच नव्हती. १९६३ च्या ऑपरेशन कोल्डस्टोअरमध्ये शंभरावर डाव्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना खटल्याशिवाय डांबण्यात आलं होतं. आणि आज एचडीबीचे टॉवर बांधणारा तमिळ किंवा बांगलादेशी मजूर त्या घरांच्या हिशोबात कुठेच नाही. डॉर्मिटरीतल्या एकेका खोलीत किती माणसं राहतात, हे २०२० च्या कोविड साथीत सगळ्या जगाने पाहिलं. लॉरीच्या मागे बसून कामावर जाणारे मजूर आपल्याला रोज दिसतात. म्हणून "ली कुआन यू पाहिजे" हे उत्तर मला पटत नाही. जासईच्या शेतकऱ्यांना निदान लढता आलं, आणि लढल्यामुळेच काही पदरात पडलं.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण असं, की तोच खेळ पुन्हा सुरू होतोय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत नवं शहर वसवण्यासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. लोक त्याला "तिसरी मुंबई" म्हणतात. गावकऱ्यांचा विरोध आहे, आणि दुसऱ्या मुंबईचा अनुभव पाहता त्यात नवल नाही.

यात आपलाही संबंध आहे. सिवूड्सला सिडकोने खास अनिवासी भारतीयांसाठी उभारलेली वसाहत आहे. "एनआरआय कॉम्प्लेक्स" म्हणूनच ती ओळखली जाते. आजही बिल्डर सिंगापुरातल्या हॉटेलांत प्रदर्शनं भरवून आपल्याला पनवेल-उलव्याचे फ्लॅट विकतात. आपल्यातले कितीतरी जण ते घेतात आणि कुलूप लावून ठेवतात. इथे मात्र आपल्यासारख्या परदेशी नागरिकाने घर घ्यायचं म्हटलं, तर एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. घर आधी राहणाऱ्याचं, मग गुंतवणूकदाराचं, हे सिंगापूर बेधडक सांगतं. आपण त्या नियमाला नावं न ठेवता इथे राहतो आणि तिकडे जाऊन नेमकं उलट वागतो.

सिंगापूरकडून काही शिकायचंच असेल तर तिसऱ्या मुंबईसाठी तीन गोष्टी मागूया. पहिली, वाढीव गावठाणांची हद्द नकाशावर सगळ्यात आधी आखली जावी. दुसरी, जमिनीचा ठरावीक हिस्सा कधीही लिलावात न काढता राहणाऱ्यांच्या घरांसाठी राखावा. तिसरी, गुंतवणुकीसाठी घेतलेल्या रिकाम्या घरांवर भरपूर कर असावा, आपल्या घरांवरसुद्धा. ही तिसरी मागणी आपल्याला महागात पडेल. पण ती आपण केली तरच पहिल्या दोन मागण्या कोणी मनावर घेईल.

यावर तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. विशेषतः पनवेल-उरणकडच्या मंडळींचं ऐकायला आवडेल.