‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवू नका

सत्तरीतला माणूस तेच तेच विचारायला लागला, जेवण होऊनही “मला जेवायला दिलं नाही” म्हणायला लागला, की आपल्याकडं एकच उत्तर, “म्हातारचळ लागलाय, लक्ष देऊ नका.” हा शब्द आधी घरातनं बाहेर काढा.

अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे. पेशींच्या मधे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ साचतो. १९८८ मध्ये अमेरिकेत कार्मेला अब्राहम, डेनिस सेल्को आणि हंटिंग्टन पॉटर यांना या गाळात आणखी एक प्रथिन सापडलं. आपल्या शरीरात प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या असतात, त्यांना प्रोटिएज म्हणतात. कात्री नको तिथं चालू नये म्हणून तिला आवरणारी प्रथिनंही असतात. सापडलं ते त्यातलंच, अल्फा-१ अँटिकायमोट्रिप्सिन. शरीरात दाह झाला की ते वाढतं. पुढं प्रयोगशाळेत दिसलं, की अमायलॉइडचे धागे जमायला ते हातभार लावतं. राखणदारच गाळात सापडला, तोही गाळ वाढवताना! या राखणदाराला रोखणारं औषध अजून बाजारात नाही. पण एवढं नक्की, की हा हट्ट नाही, नाटक नाही आणि करणी तर अजिबात नाही.

हे कळलं कशामुळं? मेलेल्या माणसांचे मेंदू तपासायला मिळाले म्हणून. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. नेत्रदान, देहदानावर आपण बोलतो, मेंदूदानाचं नावही काढत नाही.

देशात साठीच्या पुढचे अंदाजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशानं ग्रासलेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. आणि विसरभोळेपणा दरवेळी अल्झायमरच असतो असंही नाही. बी-१२ कमी असलं, थायरॉईड बिघडलं, नैराश्य आलं तरी माणूस विसरतो, आणि यावर उपचार आहेत. ‘म्हातारचळ’ म्हटलं की बरा होणारा माणूसही कोपऱ्यात पडतो.

म्हणून मागणी साधी आहे. स्मृतीची तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातनं एक दिवस तरी व्हावी. चंदगडच्या म्हाताऱ्यानं त्यासाठी शंभरावर किलोमीटर तोडून कोल्हापूर का गाठायचं? आशाताईंना दोन-चार सोपे प्रश्न विचारायचं प्रशिक्षण द्या. निवडणुकीला मत मागायला म्हाताऱ्यांच्या पाया पडणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

तोवर आपण काय करायचं? घरात कोणी विसरायला लागलं, तर रागवू नका. गंडे-दोरे आणि ‘स्मरणशक्ती’ची पुडकी यांच्यात पैसे घालवू नका. आधी डॉक्टर गाठा.