खेळतोस कुणाबरोबर?

ऑनलाइन खेळांचे नियमन करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये संमत केला. पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असे खेळ पुरविणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. या व्यसनापायी शेती गहाण टाकणाऱ्या, घर गमावणाऱ्या कुटुंबांच्या व्यथा ज्यांना ठाऊक आहेत, ते या कायद्याचे स्वागतच करतील. परंतु याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि केवळ मनोरंजनासाठी, सोबतीने खेळले जाणारे खेळ जुगारापासून वेगळे काढले आहेत, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. जुगार वजा केल्यावरही रात्री दोन वाजता मोबाइलच्या निळ्या उजेडात जागणारा मुलगा उरतोच. त्याला तेथे एक पैसाही मिळत नाही. मग तो जागतो कशासाठी?

२०१६च्या अखेरीस मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८मध्ये पब्जी हा खेळ मोबाइलवर आला. मार्च २०१९मध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळण्यास मनाई केली आणि काही विद्यार्थ्यांना चक्क अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव केंद्र सरकारने ज्या ११८ चिनी संबंध असलेल्या अॅपवर बंदी घातली, त्यांत पब्जी होता. ती बंदी आवश्यकच होती. २०२१मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२मध्ये तीही रोखली गेली, मे २०२३मध्ये परतली. या साऱ्या उलथापालथीत मुलांची ओढ तसूभरही कमी झाली नाही. याचे खापर केवळ हिंसेच्या आकर्षणावर फोडून मोकळे होणारे अनेक आहेत. त्यांनी हा खेळ एकदा शेजारी बसून पाहावा.

शंभर जण एका बेटावर उतरतात. चौघांचा एक गट असतो. चौघांच्या कानांवर हेडफोन असतात आणि चौघे सतत बोलत असतात. एखादा जखमी होऊन कोसळला, तर त्याचा सोबती आडोसा सोडून, जीव धोक्यात घालून त्याच्याकडे धावतो, काही क्षण त्याच्याजवळ थांबतो आणि त्याला पुन्हा उभा करतो. आपल्या कबड्डीत 'संजीवनी' नावाचा प्रकार आहे. प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन मैदानात परततो. रांगेत बसून आपल्या नावाची वाट पाहणाऱ्या त्या गड्याच्या चेहऱ्यावरील आनंद ज्याने पाहिला आहे, त्याला पडद्यावरील या खेळाची ओढ समजायला कठीण जाऊ नये. आपण पडलो तर कुणीतरी धावून येईल, एवढीच ती ओढ आहे.

ही खात्री ज्यांना अन्यत्र लाभत नाही, ते कोण आहेत? स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत येऊन कॉट बेसिसवर राहणारा मराठवाड्यातील तरुण, ज्याच्या बोलण्यातील हेल ऐकून वर्गात हशा पिकतो. वडिलांच्या बदलीपायी दर तीन वर्षांनी शाळा बदलणारा आणि मधल्या सुट्टीत एकटाच डबा खाणारा मुलगा. अडखळत बोलणारा, स्थूल, बुजरा, शेवटच्या बाकावरचा. खेळात त्यांना कुणी गाव विचारत नाही, इंग्रजी तपासत नाही, जात तर नाहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि १३ ते २९ या वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. खेळाच्या अनिवार आसक्तीला विकार म्हणून मान्यता देणारी संघटनाही हीच. ते वर्गीकरण २०१९मध्ये स्वीकारले गेले आणि २०२२पासून लागू झाले. आपल्याकडे विकाराची चर्चा मोठ्या हिरिरीने झाली, एकटेपणाची जवळजवळ नाही.

या संदर्भात नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. स्नायू क्रमाक्रमाने निकामी करणारा ड्युशेन हा आनुवंशिक आजार त्याला बालपणापासून होता. बालवयातच त्याला चाकाची खुर्ची घ्यावी लागली आणि अखेरच्या वर्षांत केवळ बोटांची हालचाल उरली. आयुष्याची शेवटची दहा वर्षे तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात रमला. त्याने तेथे पंधरा ते वीस हजार तास घालविले असावेत. मुलगा पडद्यापुढे एकाकी जीवन कंठतो आहे, याचे आई-वडिलांना दुःख होते. नोव्हेंबर २०१४मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्याने मागे ठेवलेल्या पासवर्डच्या साहाय्याने वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची वार्ता लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. 'इबेलिन' या नावाने वावरणारा मॅट्स ज्या सुमारे तीस जणांच्या गटात होता, त्या गटातील कित्येकांचा तो जिवलग निघाला. एका मुलीचा संगणक तिच्या पालकांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्या पालकांना पत्र लिहिले होते. एका आईला तिच्या स्वमग्न मुलाशी जवळीक साधण्याची वाट त्याने दाखविली होती. अनेक वर्षे त्याने आपला आजार या मित्रांपासून लपवून ठेवला होता. अंत्यविधीला त्यांतील काही जण परदेशांतून आले. या कहाणीवरील माहितीपट २०२४मध्ये सनडान्स महोत्सवात गौरविला गेला.

ही कथा ऐकून प्रत्येक मुलाच्या हाती बिनघोर मोबाइल द्यावा, असा निष्कर्ष कुणी काढू नये. मॅट्सपुढे पडद्यावाचून दुसरे दार नव्हते. आपल्या धडधाकट मुलांसमोरची दारे बंद झाली आहेत ती मैदानांवर उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे, शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकामुळे आणि घरातील अबोल्यामुळे. दुसरा भेद याहून महत्त्वाचा. मॅट्सचा गट वर्षानुवर्षे टिकलेला होता, एकमेकांची सुखदुःखे जाणणारा होता. गावातील जुन्या तालमीशी त्याचे नाते अधिक जवळचे. याउलट अर्ध्या तासाच्या डावापुरते एकत्र आलेले चौघे अनोळखी हे रेल्वे फलाटावरील गर्दीसारखे असतात. त्या गर्दीत शिवीगाळ असते, खोटी नावे असतात, मुलांचा एकटेपणा हेरून त्यांची छायाचित्रे आणि पैसे उकळणारेही असतात. खेळ विकणाऱ्या कंपनीला या दोहोंतील फरकाशी कर्तव्य नाही. तिला मुलगा पडद्यापुढे राहिल्याशी मतलब.

म्हणूनच 'किती वेळ खेळतोस?' या एकाच प्रश्नावर आई-वडिलांनी थांबणे पुरेसे नाही. चीनने २०२१मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ मुक्रर केला. घड्याळाचे काम त्याने होईल. परंतु 'कुणाबरोबर खेळतोस? ते कुठले? काय बोलता?' हे विचारायला सरकार येणार नाही. ते घरातल्यांनीच, संशयाच्या नव्हे तर कुतूहलाच्या स्वरात विचारायचे आहे. आजोबा आपल्या मित्रांची नावे सांगतात तितक्याच सहजतेने नातवाला आपल्या गटातील नावे सांगता आली पाहिजेत.

आणि घराबाहेरचे काय? दहा दिवस रात्री जागविणारी गणेश मंडळे महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत, व्यायामशाळा आहेत, वाचनालये आहेत. तेथे ओळखीच्यांच्या मुलांना जागा असते. वस्तीत नव्याने राहायला आलेल्या, भाड्याच्या खोलीतील मुलाला ढोल धरायला बोलावणारा कार्यकर्ता विरळा. पेठांतील अभ्यासिकांत तर शेकडो तरुण दिवसाचे बारा-बारा तास खांद्याला खांदा लावून बसतात. शेजारच्या खुर्चीवरचा आठ दिवस आला नाही, तर त्याची नोंद बहुधा शुल्काच्या वहीतच होते.