हरल्यानंतरचा खेळ



फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूरच्या शाळांत मधल्या सुट्टीत डबे नंतर उघडतात, वाद आधी उघडतात!

"तुमची टीम संपली आता!"

"संपली कुठं? कोच बदलू द्या, मग दाखवतो!"

"तुम्ही बाहेरचे खेळाडू आणलासा, म्हणून जिंकलासा!"

इतर गावच्या वाचकांना नवल वाटेल. मराठी मुलखात बहुतेक ठिकाणी पोरं क्रिकेटवर भांडतात, आमच्याकडे फुटबॉलवर. आमच्या संघांची नावंही ऐका. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी... कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या म्हणजे केएसएच्या वरिष्ठ गटात असे १६ संघ खेळतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला, की पेठेतली अर्धी माणसं तिकडंच!

आता गंमत बघा. यातला संघ आपण निवडतो का? नाही. तो जन्मानंच मिळतो. आजोबांचा तोच बाबांचा, बाबांचा तोच आपला. त्यामुळं संघ हरला, की घरातलं कुणी हरल्यासारखं लागतं. दोन-तीन हंगाम ओळीनं वाईट गेले, की मग एकच प्रश्न उरतो, दोष कुणाचा? आणि उत्तर तयारच असतं. कोचचा!

इथं जरा थांबूया. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचं नाव तुम्हाला ठाऊकच आहे. निम्म्या वर्गाच्या दप्तरांवर ते असतं! या क्लबचे कोच म्हणून अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. पहिली तीन वर्षं एकही करंडक नाही. डिसेंबर १९८९ मध्ये एका समर्थकानं तर भर मैदानात कापडी फलक धरला. अर्थ असा, की सबबी पुरे झाल्या, आता निघा! क्लबनं त्यांना काढलं नाही. मे १९९० मध्ये त्यांनी एफए कप जिंकून दिला. पुढं २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत इंग्लंडच्या लीगची तब्बल १३ विजेतेपदं!

आता पुढची गोष्ट. ते गेल्यावर २०१३ ते २०२४ या काळात क्लबनं एकामागून एक सहा कायमचे कोच नेमले. हंगामी नेमलेले वेगळेच. आणि २०२४-२५ च्या हंगामात हा संघ २० संघांत १५ वा आला.

म्हणजे कोच कधीच चुकत नाही, असं नाही बरं का. कोचही चुकतो. पण कोच बदलला की सगळं बदलतं, हे गणित खरं नाही. संघ खाली येतो तेव्हा कारणांची मोळीच असते. एखादा चांगला खेळाडू दुसऱ्या संघात गेला. एकाचा गुडघा दुखावला. एकाला नोकरी लागली, सरावाला वेळ मिळेना. पावसात मैदानावर तळं साचलं, सराव बुडाला. मोठ्या खेळाडूंवर पैसा खर्च झाला, पण पेठेतल्या बारक्या पोरांना शिकवायला कुणी उरलं नाही. हे शेवटचं कारण तर लगेच दिसतच नाही. ते चार-पाच वर्षांनी दिसतं.

मग खरं कारण शोधायचं कसं? एक युक्ती सांगते. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक सामन्यानंतर चारच गोष्टी लिहा. आपल्यावर गोल कितव्या मिनिटाला झाले? आपण गोलच्या दिशेनं किती फटके मारले? किती गोल कॉर्नर आणि फ्री किकवरून खाल्ले? आणि मैदानात आपल्या पेठेत तयार झालेले खेळाडू किती होते? सात-आठ सामन्यांनंतर वही बोलायला लागते. शेवटच्या पंधरा मिनिटांतच गोल होत असतील, तर दम कमी पडतोय. कॉर्नरवर होत असतील, तर उंच चेंडू अडवण्याचा सराव नाही. फटकेच कमी असतील, तर गोलकीपरला शिव्या देऊन काय उपयोग? अशी वही ज्याच्याजवळ आहे, त्याचं म्हणणं मोठी माणसंसुद्धा ऐकून घेतात. नुसता आवाज मोठा असून भागत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे समोरच्या संघाचे समर्थक. त्यांना चिडवा, खुशाल चिडवा. पिपाण्या वाजवा, घोषणा द्या. जाळ अन् धूर संगटच निघू दे! त्याशिवाय सामन्याला मजा नाही. पण चिडवण्याची एक हद्द आहे. घरच्यांवरून शिवी, दगड, पाण्याची बाटली, फाडलेला झेंडा हे सगळं त्या हद्दीपलीकडचं.

कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. प्रेक्षकांत मारामारी पेटली, धावपळ झाली, चेंगराचेंगरी झाली. १६ जण गेले. ते सामना बघायला आले होते, घरी परतले नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी बंगालमध्ये १६ ऑगस्टला रक्तदान करतात. त्या रक्ताच्या पिशवीवर मोहन बागान की ईस्ट बंगाल, असं लिहिलेलं नसतं.

आपल्याकडंही हुल्लडबाजीमुळं सामने थांबवावे लागले आहेत. सामना थांबला, की नुकसान कुणाचं? दगड मारणाऱ्याचं नाही. वर्षभर पहाटे उठून पळणाऱ्या खेळाडूचं! कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. असा पुढचा अनिकेत आज कुठल्यातरी पेठेत चेंडू घेऊन पळत असेल. सामनेच झाले नाहीत, तर त्याला बघणार कोण?

आणि पालकहो, हे तुमच्यासाठी. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करतात. तिथं चारित्र्य पडताळणी होते. सामन्यानंतरच्या पाच मिनिटांच्या रागापायी नाव गुन्ह्यात अडकलं, तर चार वर्षांची मेहनत अडचणीत येते. पोरं घोषणा स्टेडियमवर शिकतात हे खरं, पण हरल्यावर कसं बोलायचं, हे घरी जेवताना शिकतात. बाबा जर ताटावर बसून समोरच्या पेठेला शिव्या देत असतील, तर शाळेत आम्ही कितीही सांगितलं तरी ते पालथ्या घड्यावर पाणी.

मुलांनो, 'तालीम' हा शब्द मूळ अरबी आहे. त्याचा अर्थ शिक्षण! गांधीजींनी १९३७ मध्ये शिक्षणाची योजना मांडली, तिचं नाव 'नई तालीम' होतं. आपल्या तालमींत आधी कुस्ती आली, फुटबॉल नंतर आला. लाल मातीत उतरलेला पैलवान काय करतो? आधी मातीला हात लावून नमस्कार, मग समोरच्याशी सलामी. मग मात्र जीव तोडून लढत! चितपट झालेला उठतो, अंगावरची माती झटकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर काढतो. फुटबॉल बघणाऱ्यांनीही आपल्या तालमीतून एवढं घ्यायला हरकत नाही.

२०१९ च्या महापुरात याच तालमी-मंडळांची पोरं पाण्यात अडकलेल्या माणसांना जेवण पोहोचवत होती. त्या वेळी तुम्ही कुठल्या पेठेचे, कुठल्या संघाचे, असं विचारायला कुणाला सवड नव्हती. ती पोरं शहाणीच आहेत. तो शहाणपणा सामन्याच्या दिवशी घरी विसरून जायचा नाही, एवढंच.

तर या आठवड्याचा अभ्यास. दुसऱ्या संघाचा समर्थक असलेला एक मित्र शोधा. शेजारच्या बाकावरच सापडेल! आपापल्या संघाचा शेवटचा पराभव दोघांनी मिळून वहीत मांडा. अट एकच, 'कोच' हा शब्द पहिल्या पानावर वापरायचा नाही. काय सापडलं, ते मला जरूर कळवा.

आणि हो, तुमचा संघ तळाला असेल, तर पुढच्या सामन्याला आवर्जून जा. जिंकणाऱ्यांच्या मागं गर्दी आपोआप होते. हरणाऱ्या पोरांना मैदानात उतरताना आपल्या पेठेतली चार ओळखीची तोंडं दिसली पाहिजेत!