नकार देण्याची मुभा

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आपल्या महाविद्यालयांत प्रयुक्त म्हणून बसतो तो बहुधा शेजारच्या बाकावरचा मित्र. आरशात पाहत चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, चुका मोजायच्या, जर्नलवर सही घ्यायची. अमेरिकी विद्यापीठांत ही सोय थेट संशोधनाला लागली. तिथे पहिल्या वर्षाची मुले श्रेयांकासाठी प्राध्यापकांच्या अभ्यासांत भाग घेतात. मात्र ज्याला नको असेल त्याला तोलामोलाचे दुसरे काम द्या, असे तिथल्या मानसशास्त्र संघटनेची आचारसंहिता बजावते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही श्रेयांक आणि चौथ्या वर्षाचे संशोधन आणले आहे. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती, त्या सरांना ‘नको’ म्हणणे निफाडसारख्या तालुक्याच्या गावी फार अवघड. म्हणून पर्यायी काम आणि कारण न विचारता मिळणारी मुभा आधी लेखी हवी, प्रयोग नंतर.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन यांनी २०१० साली दाखवून दिले, की श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या विद्यार्थ्यांवरून साऱ्या माणसांचे मन ताडले जाते. आपणही वर्गातल्या मित्रांवरच थांबायचे का? कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बाईची एकाग्रता, तिचा थकवा, अवकाळीच्या रात्री बागाईतदाराला लागणारा घोर, हे निफाडच्या विद्यार्थ्याइतके जवळून कोण टिपणार? प्रश्नावली तिच्या बोलीत वाचून दाखवावी, तिची मजुरी बुडू देऊ नये, आणि संमती मुकादमाची नव्हे, तिची घ्यावी.