नाकापेक्षा मोती ‘अधिक’ जड?

आमची एक विद्यार्थिनी मराठीत एम. ए. करीत असतानाच संध्याकाळी नाशिकमधल्या एका वर्गात स्पॅनिश शिकते. मध्यंतरी तिने तपासून आलेली वही आमच्यापुढे ठेवली. ‘कळसूबाई एस मास आल्तो के साल्हेर’ या वाक्याचा अनुवाद तिने ‘कळसूबाई साल्हेरहून उंच आहे’ असा केला होता. खाली लाल शाईत शेरा होता : अपूर्ण, ‘अधिक उंच’ हवे. अर्धा गुण गेला, त्याचे दुःख नाही. परंतु मराठीत विशेषणाला तुलनेचे रूपच नाही, म्हणून ‘अधिक’ घालून ती उणीव भरून काढावी लागते, असे जे स्पष्टीकरण वर्गात देण्यात आले, त्याचा प्रतिवाद मराठीच्या अध्यापकांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?

तुलनेला तीन गोष्टी लागतात : जिची तुलना करायची ती वस्तू, जिच्याशी करायची ती वस्तू आणि दोहोंना लावून पाहायचा गुण. तुलनेची खूण यांपैकी कोठे करायची, हे ज्या त्या भाषेने ठरवायचे असते. इंग्रजी ती विशेषणाला प्रत्यय लावून किंवा त्याच्यामागे शब्द जोडून करते आणि शिवाय ‘दॅन’ वापरते. स्पॅनिश ‘मास’ आणि ‘के’ अशी जोडी वापरते. मराठी ती खूण दुसऱ्या वस्तूच्या नावावर करते : साल्हेरहून, साल्हेरपेक्षा. १,५६७ मीटरच्या साल्हेरला ‘हून’ लागला, की १,६४६ मीटरच्या कळसूबाईचे ‘उंच’ आपोआप तुलनेचे होते. हिंदी ‘से’ लावून आणि जपानी ‘योरी’ लावून हेच करते. त्या भाषांना कोणी अपूर्ण म्हणत नाही.

संस्कृतात पंचमीही होती आणि ‘तर’, ‘तम’ हे प्रत्ययही होते. मराठीने पंचमीचे काम ‘हून’कडे दिले आणि विशेषणावरचे ओझे उतरवले. गंमत अशी, की स्पॅनिशनेही लॅटिनचे तुलनावाचक प्रत्यय असेच टाकले. मेखोर, पेओर, मायोर, मेनोर अशी मोजकी जुनी रूपे तेवढी नित्य वापरात उरली. म्हणजे ज्या भाषेच्या वर्गात मराठीला उणी ठरवले गेले, तिचा इतिहासही तोच आहे.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. ही स्पॅनिश मराठी मुलांना इंग्रजीच्या पुलावरून शिकवली जाते, आणि पूल ओलांडताना दोन्ही भाषांचे नुकसान होते. ‘एर्मानो मायोर’ म्हणजे थोरला भाऊ, ‘एर्मानो मेनोर’ म्हणजे धाकटा. थोरला आणि धाकटा या शब्दांच्या पोटातच तुलना आहे. ‘आल्तीसिमो’ला आपल्याकडे ‘उंचच उंच’ आहे. या जोड्या मराठी मुलाला सहज कळाव्यात. पण मध्ये ‘एल्डर’ आणि ‘व्हेरी’ येऊन बसतात.

हा दोष आजचा नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. वाट पाडणाऱ्याला कोणता तरी नमुना लागतोच, त्याबद्दल त्यांना बोल लावणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण जवळजवळ दोन शतकांनंतरही आपण ‘चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला’ असा इंग्रजीचा तीन खणी तक्ता मुलांकडून पाठ करून घ्यावा, ही शरम आपली आहे.

‘अधिक’ हा शब्दच नको, असे आमचे म्हणणे नाही. तोही आंबा गोड, हा अधिक गोड, असे म्हणताना दोन्ही आंबे गोड आहेत हे आपण सांगतो. ‘राम श्यामहून उंच’ या वाक्यात मात्र श्याम उंच आहे असे कोणीच म्हटलेले नसते. तो बुटकाही असू शकेल. ‘अधिक’ सक्तीचा केला, की हा बारीक भेद पुसला जातो. मराठीची उणीव भरायला निघालेली मंडळी तिच्याजवळचे एक अर्थसूक्ष्म हिरावून घेत आहेत, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. त्याच भाषेतले निर्दोष वाक्य तिच्याच मुलीच्या वहीत चूक ठरते, आणि ती मुलगी ते निमूटपणे सुधारून घेते. दर्जा सरकार देऊ शकते. आपल्या वाक्याविषयीचा विश्वास मात्र शिक्षकानेच द्यावा लागतो, आणि तो देण्यात आम्हीही कमी पडलो.

त्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले : पुढच्या तासाला ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण फळ्यावर लिही, आणि तीत ‘अधिक’ कोठे घालायचा ते विचार.